शेजार नसलेली धावपट्टी

जुलै १८३६. 'बीगल' जहाज सेंट हेलेना बेटाला लागलं होतं आणि चार्ल्स डार्विन बेटावर पायी भटकत होता. एका पठाराच्या कडेला तो थांबला. पुढे हजारेक फुटांचा कडा. तो उभा होता तिथे हवा अगदी शांत होती, पण थोड्याच अंतरावर, कड्याच्या पलीकडे, समुद्रपक्षी सोसाट्याच्या वाऱ्याशी झुंजत होते. डार्विन कडेपाशी सरकला, हात पुढे केला, आणि वाऱ्याचा सगळा जोर त्याला हातावर जाणवला. शांत हवा आणि सोसाट्याचा वारा यांच्यामध्ये जेमतेम दोन यार्ड रुंदीची न दिसणारी भिंत होती, असं त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवलं आहे.

आज त्याच बेटावर, अशाच कड्यालगतच्या पठारावर, विमानतळ आहे. डार्विनच्या हाताला लागलेल्या वाऱ्याची जात तिथल्या कंट्रोल टॉवरला चांगली ठाऊक आहे.

नेपोलियनला कैदेत ठेवण्यासाठी इंग्रजांनी हे बेट निवडलं ते त्याच्या एकटेपणामुळेच. दक्षिण अटलांटिकमध्ये, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १,९५० किलोमीटरवर, १२२ चौरस किलोमीटरचा हा डोंगराळ तुकडा. वस्ती साडेचार हजारांच्या आसपास. विमानतळ होण्याआधी केप टाउनहून 'आरएमएस सेंट हेलेना' या जहाजाने यायला पाच दिवस लागत. सपाट जागा जवळपास नाहीच, म्हणून एक दरी सुमारे ८० लाख घनमीटर दगडमातीने भरून काढली आणि तिच्यावरून धावपट्टी नेली. खर्च २८.५ कोटी पौंड. मे २०१६ मध्ये उद्घाटन व्हायचं होतं.

ते झालं नाही. एप्रिल २०१६ मध्ये बोइंग ७३७-८०० विमान चाचणीसाठी आलं, आणि उत्तरेकडून उतरताना वाऱ्याने त्याला चांगलेच हिसके दिले. बेटावर आग्नेयेकडून व्यापारी वारे वर्षभर वाहतात. कडे आणि सुळके यांच्यावर आपटून ते धावपट्टीच्या उत्तर टोकापाशी विस्कटतात. काही सेकंदांत वाऱ्याचा वेग किंवा दिशा झटकन बदलते. वैमानिक याला विंड शिअर म्हणतात. समोरचा वारा अचानक पडला की पंखांना मिळणारी उचल घटते, आणि उतरताना विमान जमिनीजवळ आधीच कमी वेगात असतं. दक्षिणेकडून यावं, तर तोच वारा पाठीवर येतो आणि विमान थांबवायला जास्त धावपट्टी लागते.

ब्रिटिश वृत्तपत्रांनी या विमानतळाला जगातला सर्वांत निरुपयोगी म्हणून हिणवलं. हा अन्याय होता. चाचणीत सापडलेला धोका मान्य करून उद्घाटन पुढे ढकलणं हे विमानतळ नीट चालवला जात असल्याचं लक्षण आहे. पुढे त्याच वाऱ्याचा अभ्यास करून लहान विमान निवडलं गेलं, आणि १४ ऑक्टोबर २०१७ रोजी एअरलिंक कंपनीचं एम्ब्राएर १९० जोहान्सबर्गहून विंडहुकमार्गे येऊन उतरलं. शंभराच्या आसपास आसनं असलेल्या या विमानात सुरुवातीला फक्त ७६ प्रवासी नेण्याची मुभा होती.

आठवड्याला एखादं विमान येणार असेल, तर टॉवरमध्ये काम ते किती, असं कुणालाही वाटेल. मुंबईत दिवसाला नऊशेच्या वर विमानं चढतात-उतरतात. तिथल्या कंट्रोलरचा ताण समजू शकतो. पण गर्दीचा एक फायदाही असतो. मुंबईत उतरणाऱ्या विमानाच्या पुढे दोन-तीन मिनिटांवर दुसरं विमान असतं. त्याला हिसका बसला, तर वैमानिक लगेच टॉवरला सांगतो आणि टॉवर मागच्यांना सावध करतो. बेटावर पुढे गेलेलं विमानच नसतं. त्या दिवशीच्या वाऱ्यात त्या उंचीवरून कुणी गेलेलंच नसतं. येणाऱ्या वैमानिकाला विमानतळाचे जे डोळे मिळतात ते टॉवरचे, आणि म्हणून तिथून सांगितलेला प्रत्येक आकडा जड असतो.

काम विमान दिसण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. धावपट्टीवरून गाडी फिरवून खडा, तुकडा, मेलेला पक्षी काही पडलंय का ते पाहतात. गाडी आत असेपर्यंत कंट्रोलर आपल्या फळीवर धावपट्टी अडलेली असल्याची पट्टी लावून ठेवतो, कारण माणसाचं लक्ष एका क्षणात दुसरीकडे जातं. सेंट हेलेनावर पक्ष्यांकडे पाहायला आणखी एक कारण आहे. वायरबर्ड नावाचा, जगात फक्त या बेटावर आढळणारा, काटकुळ्या पायांचा पक्षी याच उघड्या माळांवर राहतो. अग्निशमन दल जागेवर लागतं. विमानाच्या लांबीनुसार ठरलेला बंब आणि माणसं हजर नसतील, तर सगळं आभाळ निरभ्र असूनही प्रवासी विमान उतरू शकत नाही. धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच आहे. त्यामुळे खाली बंदरावरून जो ढग दिसतो, तोच वर धावपट्टीवर धुकं होऊन बसतो.

मग रेडिओवर विमानाचा आवाज येतो. लहान बेटांवर बहुधा रडार नसतं. विमान कुठे आहे, किती उंचीवर आहे, किती वाजता पोहोचेल हे वैमानिकच सांगतो आणि कंट्रोलर ते त्या विमानाच्या नोंदपट्टीवर लिहीत जातो. बदल्यात त्याला वारा, दृश्यता, ढगांची उंची आणि हवेचा दाब मिळतो. दाबाचा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण विमानातला उंचीमापक त्याच्यावरच लावतात. दहा हेक्टोपास्कलची चूक झाली, तर काट्यावरची उंची ८० मीटरच्या आसपास चुकते. म्हणूनच वैमानिकाने तो आकडा परत म्हणून दाखवायचा आणि कंट्रोलरने तो नीट ऐकायचा, असा जगभरचा दंडक आहे. चुकीचा आकडा ऐकूनही कंट्रोलर गप्प राहिला, तर ती चूक दोघांची होते.

वारा सांगण्याचीही रीत आहे. हवामानाच्या नियमित अहवालात दहा मिनिटांची सरासरी असते, उतरणाऱ्या विमानाला दोन मिनिटांची, आणि झोत किती वेगापर्यंत जातात तेही. अहवालातली दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजलेली असते. टॉवर बोलतो ती होकायंत्राच्या उत्तरेपासून, कारण धावपट्टीचा क्रमांकही त्याच हिशोबाने दिलेला असतो.

एक गैरसमज दूर करायला हवा. उतरण्याची परवानगी म्हणजे उतरण्याची आज्ञा नव्हे. धावपट्टी मोकळी आहे, एवढी हमी टॉवर देतो. वाऱ्यात उतरायचं की नाही, हा निर्णय वैमानिकाचा. तो शेवटच्या क्षणी पुन्हा वर गेला, तर टॉवरने कारण विचारत बसायचं नाही. वाट मोकळी ठेवायची. पण उतरता आलंच नाही, तर जवळचा दुसरा विमानतळ असेन्शन बेटावर, सुमारे १,३०० किलोमीटर दूर. अशा एकाकी विमानतळांसाठी आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की जेट विमानाजवळ बेटावर पोहोचल्यावरही दोन तासांचं इंधन शिल्लक हवं. तेवढ्या वेळात ढग सरकू शकतो, वारा थोडा मवाळ होऊ शकतो. त्या दोन तासांत टॉवर देईल त्या दर ताज्या निरीक्षणावर वैमानिकाचा हिशोब बदलतो.

इतकं मोजूनमापून बोलण्याची शिस्त एका बेटावरच्याच अपघातातून अधिक कडक झाली. २७ मार्च १९७७ रोजी ग्रान कनारिया विमानतळावर बॉम्ब फुटला आणि तिकडची विमानं शेजारच्या टेनेरिफ बेटावरच्या लॉस रोदेओस या लहान विमानतळावर वळवली गेली. विमानं इतकी साचली की पुढे जायला धावपट्टीचाच रस्ता उरला. त्यात धुकं उतरलं. जमिनीवरचं रडार नव्हतं. केएलएमच्या जंबोने परवानगी नसताना धाव घेतली, तेव्हा पॅन अ‍ॅमचं जंबो त्याच धावपट्टीवर होतं. आपण टेकऑफला आहोत, अशा अर्थाचं केएलएमचं वाक्य संदिग्ध होतं. टॉवरने थांबायला सांगितलं आणि पॅन अ‍ॅमने आपण अजून धावपट्टीवर असल्याचं सांगितलं. दोघं एकाच क्षणी बोलल्याने रेडिओत कर्कश शिट्टी उमटली. ५८३ माणसं गेली. तेव्हापासून 'टेकऑफ' हा शब्द फक्त ती परवानगी देताना किंवा रद्द करतानाच उच्चारतात. बाकी सगळीकडे 'डिपार्चर'.

सगळ्याच बेटांवर कंट्रोलर असतो असंही नाही. स्कॉटलंडच्या बारा बेटावर विमान समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर उतरतं, आणि भरतीला तिन्ही धावपट्ट्या पाण्याखाली जातात. तिथला अधिकारी वारा आणि वाळूची माहिती देतो, परवानगी देत नाही. आपल्याकडे लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर, दोन्ही बाजूंना पाणी असलेल्या सुमारे बाराशे मीटरच्या पट्टीवर, एटीआर विमानं येतात. २०२४ पासून गोव्याच्या मोपाहूनही. गोव्यातून सुट्टीला निघालेल्या प्रवाशाने खिडकीतून तो निळा समुद्र जरूर पाहावा, आणि एवढ्या आखूड धावपट्टीवर पाठीमागून येणाऱ्या थोड्या वाऱ्याचाही केवढा फरक पडतो, तेही लक्षात घ्यावं.

सगळं बिघडलं तर काय, याचेही नियम घड्याळावर बसवलेले आहेत. रेडिओ बंद पडला, तर टॉवरमध्ये प्रकाशाची बंदूक असते: स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा. विमानाचा ठरलेल्या वेळी आवाज आला नाही आणि अर्धा तास उलटला, की अनिश्चिततेची पहिली अवस्था जाहीर होते. उतरण्याची परवानगी मिळालेलं विमान अपेक्षित वेळेनंतर पाच मिनिटांत उतरलं नाही आणि रेडिओवरही सापडलं नाही, तर थेट दुसरी, म्हणजे सतर्कतेची. मुंबईत अशा वेळी मदतीला धावणारे शंभर हात आहेत. सेंट हेलेनावर चारी बाजूंना अटलांटिक, म्हणून विमानतळ सुरू करताना बेटाला स्वतःचं सागरी बचाव पथकही उभं करावं लागलं.