जांभ्याखालचं पाणी

काळी नदी जोयडा तालुक्यातल्या डिग्गी गावाजवळ उगम पावते, सुप्याच्या धरणात विसावते आणि गणेशगुडीवरून दांडेलीला येते. तिथे तिच्या काठावर 1955 साली स्थापन झालेल्या वेस्ट कोस्ट पेपर मिल्सची कागद गिरणी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यांत या गिरणीच्या परिसरापासून बोम्मनहळ्ळी जलाशयापर्यंतची काळीही होती.

मंडळाने मोजलं ते नदीचं पाणी. नदीचं दुखणं निदान दिसतं तरी: फेस येतो, मासे उताणे पडतात, लोक ओरडतात. जमिनीखालचं पाणी मुकं असतं. विहिरीला वास येऊ लागतो तेव्हा वरची गळती कधीकधी कित्येक वर्षं जुनी असते.

त्यातून इथली जमीन. जांभ्याचा चिरा ज्याने हातात घेतलाय त्याला त्यातली भोकं आणि नळ्या ठाऊक आहेत. पावसाचं पाणी त्यांतून भराभर खाली उतरतं आणि पुढे कातळाच्या भेगा धरतं. पावसाळ्यात तुडुंब भरलेली विहीर मे महिन्यात तळ दाखवते. वरून सांडलेलं काही मातीत गाळून निघेल, हा भरवसा अशा भूमीत धरता येत नाही.

मग कारखान्याखालचं पाणी तपासायचं कसं? किमान तीन बोअर मारायच्या, एका रेषेत नव्हे तर त्रिकोणात. तिन्हींतली पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून मोजली की उतार कळतो आणि उतारावरून वाहण्याची दिशा. फ्रान्समधल्या दिजाँ शहराचा अभियंता आंरी दार्सी याने 1856 साली वाळूतून पाणी किती वेगाने झिरपतं याचा नियम मांडला, तोच इथे कामी येतो. एक बोअर चढाच्या बाजूला हवीच. कारखान्याखाली शिरण्याआधी पाणी कसं होतं हे तीच सांगते. ती नसेल तर बाकीच्या आकड्यांवर वकील मंडळी वर्षानुवर्षं भांडू शकतात.

नमुना घेणं हे बादली सोडून पाणी काढण्याइतकं सोपं नाही. बोअरमध्ये साचून राहिलेलं शिळं पाणी आधी उपसायचं, बोअरमध्ये मावतं त्याच्या साधारण तिप्पट. तापमान, आम्लता आणि विद्युतवाहकता यांचे आकडे स्थिरावले की मगच बाटली भरायची. धातूंसाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्लाचे थेंब टाकतात, नाहीतर धातू काचेला किंवा प्लास्टिकला चिकटतात. उडून जाणाऱ्या रसायनांसाठी 40 मिलिलिटरची काचेची कुपी असते. पाणी तोंडावर फुगेपर्यंत ती भरायची, झाकण लावायचं, उलटी करून बोटाने टिचकी मारायची. बुडबुडा वर सरकला तर नमुना बाद.

कागद गिरणीच्या सांडपाण्यात सोडियम, सल्फेट, क्लोराइड असे क्षार असतात आणि लाकडातल्या लिग्निनचा तपकिरी रंग. यातला क्लोराइड मोठा उपयोगी गडी. तो मातीला चिकटत नाही, पाण्याबरोबर चालतो. म्हणून बाकीच्या घाणीआधी तो पुढच्या बोअरमध्ये हजर होतो.

सफाईची गोष्ट मात्र सावकाशीची. पाणी उपसून वर शुद्ध करायचं, हा जुना मार्ग. सुरुवातीला आकडे झपाट्याने उतरतात, मग अडून बसतात. चिकणमातीत मुरलेलं रसायन हळूहळू बाहेर येत राहतं आणि पंप थांबवला की आकडे पुन्हा चढतात. भोपाळचंच पाहा. युनियन कार्बाइडच्या आवारातला 337 टन कचरा 2025 च्या जानेवारीत पिथमपूरला नेला आणि जूनअखेर जाळूनही झाला. पण नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने 2010 साली तिथल्या दूषित मातीचा अंदाज दिला होता तो 11 लाख टनांचा.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या एलिझाबेथ सिटीत तटरक्षक दलाच्या तळावर क्रोम मुलाम्याच्या कारखान्यातून विषारी, षट्संयुजी क्रोमियम जमिनीत उतरलं होतं. 1996 साली तिथे पाण्याच्या वाटेत लोखंडाच्या किसाची भिंत पुरली: 46 मीटर लांब, सुमारे 7 मीटर खोल, जेमतेम 60 सेंटिमीटर जाड. पाणी तिच्यातून पाझरतं, लोखंड गंजतं आणि विरघळलेलं क्रोमियम त्रिसंयुजी होऊन तिथेच बसतं. पंप नाही, वीज नाही.

ती भिंत पुरली होती वाळूमातीत. जोयड्याच्या कातळात एखादी भेग तिला बगल देऊन निघून जाईल. इथे आधी भेगांचा माग काढावा लागतो: बोअरमध्ये कॅमेरा उतरवायचा किंवा एकीत मीठ सोडून दुसरीत ते किती वेळाने उगवतं ते पाहायचं. शिवाय मेमध्ये चढलेला क्लोराइड ऑगस्टमध्ये उतरला, तर घाण गेली की पावसाने नुसतीच पातळ केली? ते पुढच्या मेमधला नमुना हाती आल्याशिवाय कळत नाही.