रावळगावच्या गोळ्या

जहाजे, विमाने आणि मोटारी यांच्या कारखान्यांशी ज्यांचे नाव निगडित झाले, त्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात, खडकाळ पडीक जमीन मशागतीखाली आणून, 1933 साली रावळगाव शुगर फार्म ही कंपनी स्थापिली आणि 1942 च्या सुमारास त्याच आवारात गोळ्यांचे उत्पादन सुरू केले. हे कसब वरकरणी क्षुल्लक भासते. परंतु साखरेचा पाक सुमारे दीडशे अंशांपर्यंत आटवून, त्यात ग्लुकोजचे प्रमाण असे राखावे लागते की, थंड होताना साखरेचे पुन्हा स्फटिक न बनता काचेसारखी पारदर्शक गोळी सिद्ध व्हावी. प्रमाण चुकले की सारा घाणा वाया! पुढे ‘पान पसंद’ या गोळीने, विड्याची लज्जत मुखरंजनाची लाली टाळून देत, आबालवृद्धांस वश केले. कच्चा माल, इंधन व मजुरी यांचे दर मात्र चढत गेले, स्पर्धक वाढले आणि 2024 च्या फेब्रुवारीत नाममुद्रा व पाककृती 27 कोटी रुपयांना रिलायन्सच्या हवाली झाल्या. जमीन, इमारती व यंत्रसामग्री तेवढी मूळ कंपनीच्या दप्तरी राहिली.