नाकात सोडलेला उजेड

ऑगस्टच्या शेवटी हंगेरीच्या सपाट मुलखात रॅगवीड बहरतं. आपल्या गाजरगवताच्याच कुळातलं हे तण; पण याचे परागकण वाऱ्यावर दूरदूर जातात. मग सेगेद शहरात ट्राममध्ये, दुकानात, जिथं जावं तिथं शिंका.

दवाखान्यातल्या खुर्चीवर बसलेल्या शिक्षिकाबाईंचं नाक वाहत होतं, डोळे सुजले होते. नर्सनं त्यांना आधी नाक साफ शिंकरायला लावलं. मग यंत्राच्या लवचिक नळीचं बारीक टोक अलगद नाकपुडीत सरकवलं. बटण दाबताच नाकाची पाळी आतून लालसर उजळली. दोन-तीन मिनिटं झाली, की दुसरी नाकपुडी. असं आठवड्यातून तीनदा, तीन आठवडे.

नळीतून येतं ते किरणांचं मिश्रण : आपल्याला दिसतो तो उजेड त्यात ७० टक्के. उरलेले अतिनील किरण : ‘ए’ प्रकारचे २५ टक्के, ‘बी’ अवघे ५. सोरायसिसवर असे किरण देणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञांना त्यांची ताकद ठाऊक होती : दाह पेटवणाऱ्या टी-पेशी त्यांनी मरतात, हिस्टामिन कमी सुटतं. पण नाकाच्या अस्तरानं ऊन कधी पाहिलेलंच नसतं. म्हणून मात्रा थोडी आणि हळूहळू वाढवत न्यायची. नाक कोरडं पडतंच. त्यावर तेलाचे थेंब.

मला सगळ्यात भावली ती २००५ साली प्रसिद्ध झालेली या उपचाराची सेगेदमधली चाचणी. ४९ रुग्ण, ऐन रॅगवीडचा हंगाम. नाक उजळलेलं पाहूनच माणसाला निम्मं बरं वाटू शकतं, हे ओळखून तुलनेच्या गटालाही उजेड दिला, फक्त अतिनील किरणांशिवाय. कोणाला काय मिळालं हे ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. तरीही शिंका, खाज, पाणी गळणं खऱ्या उपचारानंच जास्त कमी झालं. अतिनील किरणांनी पेशींतल्या डीएनएला इजा होते, तीही तिथल्या संशोधकांनी पुढे तपासली. दोन महिन्यांनी तिच्या खुणा उरल्या नव्हत्या. तरी हा उपचार दरवर्षी सहज घ्यावा असं मी कोणाला सांगणार नाही.

उजेडानं फुप्फुसांवर उपचार करण्याची गोष्ट वेगळी. ब्राझीलमधल्या संशोधकांनी सिगारेटच्या धुरानं आजारी पडलेल्या उंदरांच्या छातीवर ६६० नॅनोमीटरचा लाल लेझर धरला आणि दाह उतरला. पण उंदराची छाती केवढीशी! माणसाच्या कातडी-स्नायू-बरगड्यांतून तो उजेड खोलवरच्या श्वासनलिकांपर्यंत फारच थोडा पोचेल. त्या उंदरांचे निकाल दाखवून कोणी लाल दिवा विकायला आलं, तर दमेकऱ्यानं इनहेलर बाजूला ठेवू नये.