निरोप न येणे आणि अडथळा नसणे

व्हीपीएन जोडले गेले, पासवर्ड चालला, ऑफिसच्या संगणकात प्रवेशही झाला. छोटी पत्रे जातात. पण मोठी फाइल उघडायला घेतली की पडदा गोठतो, आणि चूक दाखवणारा संदेश कुठेच नाही. मग पलीकडून उत्तर येते, "आमच्याकडे काही एरर दिसत नाही, तुमचंच इंटरनेट खराब असणार." या वाक्यातला तर्क आज आपण तपासू. त्यापायी घरून काम करणाऱ्याचा दिवसच्या दिवस जातो, वर ठपकाही त्याच्याच माथी!

आधी यंत्रणा. इथरनेटवर एका पॅकेटची नेहमीची कमाल मर्यादा, म्हणजे एमटीयू, १५०० बाइट. व्हीपीएन आपले पॅकेट कुलूपबंद करून दुसऱ्या लखोट्यात घालते, आणि त्या लखोट्यालाही जागा लागतेच. वायरगार्डला आयपीव्ही४ वरून ६० बाइट लागतात, आयपीव्ही६ वरून ८०. वाटेत पीपीपीओई असेल तर आणखी ८ गेले. अशा चिंचोळ्या जागी मोठे पॅकेट आले आणि त्यावर 'तुकडे करू नका' ही खूण असली (टीसीपीच्या पॅकेटवर ती बहुधा असतेच), तर राउटरने ते टाकून द्यायचे आणि पाठवणाऱ्याला आयसीएमपीने निरोप धाडायचा, की बाबा, एवढ्याच मापाचे पाठव. १९९० सालच्या आरएफसी ११९१ मध्ये ही रीत घालून दिलेली आहे. पण सुरक्षेच्या नावाखाली कित्येक फायरवॉल सरसकट आयसीएमपी अडवतात. पॅकेटही गेले, निरोपही गेला. पाठवणारा तेच पुन्हा पुन्हा पाठवत बसतो.

कुमारिल भट्टांच्या मीमांसेत अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले आहे. जमिनीवर घट दिसत नाही, यावरून घट नाही हे कळते. मात्र त्याला अट आहे: असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घट न दिसणे हा कशाचाच पुरावा नव्हे. "एरर दिसत नाही" म्हणणाऱ्याने स्वतःच दिवा मालवलेला असतो, एवढेच.

तेव्हा आपली चाचणी उजेडातली हवी. व्हीपीएन चालू ठेवून ऑफिसातल्या एखाद्या यंत्राला आधी साधे, छोटे पिंग करा. त्याला उत्तर आले तरच पुढच्या मौनाला अर्थ आहे. पिंगच अडवलेले असेल तर दुसरे यंत्र शोधा. मग तुकडे करायला मनाई करून आकार वाढवत न्या. विंडोजवर त्यासाठी 'वजा एफ', आणि आकारासाठी 'वजा एल'. समजा १३७२ ला उत्तर येते, १३७३ ला नाही. त्यात आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट मिळवा. वाटेची मर्यादा निघाली १४००. आपल्याच संगणकाने ताबडतोब 'तुकडे करावे लागतील' असे सांगितले, तर मात्र ती मर्यादा त्याला आधीच ठाऊक आहे. दोष नुसत्या मौनात शोधायचा.

यावर उपाय म्हणजे व्हीपीएनच्या इंटरफेसचा एमटीयू १४०० करणे. तो अधिकार हाती नसेल तर गेटवेवर टीसीपीचा एमएसएस १३६० ला बांधून घ्यायला सांगा. त्याने फाइली सुटतील. पण हे बंधन फक्त टीसीपीला लागते, यूडीपीवरच्या व्हिडिओ कॉलला त्याचा उपयोग नाही. आणि फायरवॉल सांभाळणाऱ्यांकडे एवढे मागून घ्या: आयसीएमपीचा प्रकार ३, कोड ४ तेवढा सोडा.