दोघांच्या स्वयंपाकाचा बिडाचा तवा

भांड्यांच्या दुकानांत अलीकडे बिडाची भांडी पुन्हा दर्शनी फळीवर आली आहेत. नॉनस्टिकचा थर वर्ष-दोन वर्षांत खरवडला जातो, हा अनुभव घरोघरी आल्यावर गिऱ्हाईक आजीच्या काळ्या तव्याची आठवण काढू लागले, आणि दुकानदारांनीही ती ओळखली. खरेदी मात्र बहुधा डोळ्यांनी होते. फळीवरचा सर्वांत मोठा, दणकट तवा आवडतो, घरी येतो, आठवडाभर कौतुकाने वापरला जातो. मग तो उचलताना मनगट दुखते म्हणून माळ्यावर जातो आणि पहिल्याच पावसाळ्यात गंजतो. दोष धातूला दिला जातो. वास्तविक चूक आकाराची असते.

पूर्वी एका चुलीवर पंधरा माणसांचा स्वयंपाक होई. आज मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी असतात आणि मागे उरलेल्या दोघांसाठी चार पुडले, मूठभर शेंगदाणे किंवा एका वाटीची सुकी भाजी एवढेच करावयाचे असते. अशा घराला उभ्या काठाचा, सपाट बुडाचा, दांड्याचा लहान तवा हवा. इंग्रजीतून आलेले त्याचे ‘स्किलेट’ हे नाव आता दुकानांतही रुळले आहे. या भांड्यांचे व्यास अजून इंचांतच सांगितले जातात. अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या साउथ पिट्सबर्ग येथे १८९६ पासून हे काम करणाऱ्या लॉज कंपनीच्या मापांत सांगायचे, तर साडेसहा, आठ आणि सव्वादहा इंच हे तीन आकार नेहमीचे आहेत. त्यांचे वजन अनुक्रमे किलोच्या आत, दीड किलोच्या आसपास आणि सव्वादोन किलोंहून अधिक भरते. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून आठ इंची तवा साडेसहा इंचीच्या दीडपट होतो आणि सव्वादहा इंची जवळजवळ अडीचपट. दोन माणसांना आठ इंची पुरतो. एकट्याला, किंवा केवळ फोडणी, मेथीदाणे, जिरे भाजण्यासाठी साडेसहा इंची पुष्कळ होतो. निवडीची कसोटी सोपी आहे: घरातील सर्वांत दुबळ्या मनगटाला भरलेला तवा एका हाताने उचलता आला पाहिजे. खाकऱ्यासाठी मात्र हे भांडे घेऊ नये. खाकरा दाबून शेकावा लागतो, आणि उभा काठ तेथे आड येतो. त्याला बिनकाठाचा सपाट तवाच हवा.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बन साधारण दोन ते चार टक्के असतो. त्यामुळे ते शुद्ध लोखंडाच्या मानाने बऱ्याच कमी उष्णतेला वितळते आणि साच्यात सहज ओतता येते. त्याच कार्बनमुळे ते ठिसूळही होते. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बी याने वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचे पेटंट १७०७ मध्ये घेतले, आणि स्वयंपाकघरातील बीड स्वस्त होण्याची वाट तेथून मोकळी झाली. महाराष्ट्राला ओतकाम नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल या समजुतीपायी शेतकरी तो घेण्यास धजत नव्हते. पुढे कोल्हापूरच्या परिसरात फाउंड्रींचा मोठा उद्योग उभा राहिला. बीड उष्णता अॅल्युमिनियमच्या मानाने बरेच सावकाश पसरवते, पण जाड असल्यामुळे साठवून ठेवते. म्हणून तवा मंद आचेवर पाच-सात मिनिटे तापू द्यावा लागतो. घाईने मोठी आच लावली तर मध्यभागी करपते आणि कडेला कच्चे राहते.

दुकानात पाहण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत. लोहचुंबकाची परीक्षा येथे निरुपयोगी, कारण साध्या पत्र्याच्या तव्यालाही चुंबक चिकटते. बीड ओळखावे ते जाडीवरून, वजनावरून आणि वाळूच्या साच्याने आलेल्या किंचित रवाळ पृष्ठभागावरून. तवा दांड्याला धरून लोंबता ठेवावा आणि लाकडी वस्तूने हलके टिचकवावा. स्वच्छ नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर कोठेतरी भेग असण्याचा संभव असतो. मग तो काउंटरच्या सपाट काचेवर ठेवून पाहावा. डगमगणारे बूड इंडक्शनच्या किंवा काचेच्या शेगडीवर नीट बसत नाही. लहान आकारात आणखी एक खोड असते, दांडा जड आणि भांडे हलके. असा तवा गॅसच्या रुंद जाळीवर दांड्याच्या बाजूला कलंडतो, आणि तापलेल्या तेलासह कलंडला तर अनर्थ होतो. रिकामा तवा आपल्या पायावर स्थिर राहतो की नाही, हे दुकानातच पाहून घ्यावे आणि घरी तो लहान बर्नरवरच ठेवावा.

‘प्री-सीझन्ड’ या चिठ्ठीकडे शाकाहारी कुटुंबांनी विशेष लक्ष द्यावे. सीझनिंग म्हणजे तेलाचा अतिशय पातळ थर तापवून धातूवर पक्का बसवणे. तापलेले तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून कठीण, काळसर कवच होते. अन्न चिकटू न देणारे ते हेच. पाश्चात्त्य स्वयंपाकघरांत यासाठी प्राण्यांची चरबी वापरण्याची जुनी रीत आहे. लॉजसारखे उत्पादक आज सोयाबीनचे वनस्पती तेल वापरतात, पण चिठ्ठीवर तेलाचा उल्लेख नसेल तर विचारून घेण्यात संकोच बाळगू नये. उत्तर मिळत नसेल तर थर न दिलेला कोरा तवा घ्यावा आणि ते काम घरी करावे. जुन्या बाजारातील वापरलेल्या तव्यावर पूर्वी काय शिजले हे कोणीच सांगू शकत नाही. स्वस्त मिळाला तरी तो जैन घराच्या उपयोगाचा नाही.

घरचे काम अवघड नाही. कोरा तवा साबणाने धुऊन त्यावरचे गंजरोधक तेल किंवा मेण काढावे, आचेवर पूर्ण कोरडा करावा आणि आतबाहेर, दांड्यासकट, तेल चोळावे. नंतर ते तेल जणू चुकून लागले आहे अशा रीतीने कोरड्या फडक्याने पुसून काढावे. नवशिके येथेच चुकतात. जास्त राहिलेले तेल चिकट डाग होऊन बसते. तवा ओव्हनमध्ये पालथा घालून सुमारे २३० अंश सेल्सिअसला तासभर ठेवावा आणि आतच थंड होऊ द्यावा. असे तीन-चार वेळा करावे. ओव्हन नसेल तर खिडक्या उघडून गॅसवर धूर थांबेपर्यंत तापवले तरी चालते. तेल वाळणाऱ्या जातीचे हवे. आपल्याकडील करडईचे तेल यास उत्तम, सूर्यफूल आणि सोयाबीनही चांगले. जवसाचे तेल सर्वांत लवकर वाळते, परंतु त्याचा थर पुढे पापुद्र्यांनी निघू शकतो. खोबरेल आणि तूप या कामी चालत नाही.

यापुढे तव्याचे आयुष्य भांडी घासणाऱ्या मावशींच्या हाती असते. तारेची घासणी आणि खरखरीत पावडर महिनाभराचा थर एका दिवसात उतरवते. तवा मोरीत न टाकता घरच्या माणसाने स्वतः धुणे हा एकच उपाय टिकाऊ ठरतो. गरम पाणी, नारळाची शेंडी किंवा मऊ घासणी पुरते; चिकटलेले असेल तर जाड मीठ चोळावे. साबण वर्ज्य असल्याचे सांगतात, ते कॉस्टिक सोड्याच्या उग्र साबणांच्या काळी खरे होते. आजच्या सौम्य द्रवसाबणाचा थेंबभर वापर थराला इजा करत नाही. इजा करते ते पाण्यात भिजत ठेवणे. खरकटी भांडी दोन घटिकांच्या आत स्वच्छ करण्याचा नेम पाळणाऱ्या घरांत बीड चांगले टिकते, हे ओघानेच आले. धुतल्यावर तवा पुसून पुन्हा दोन मिनिटे आचेवर ठेवावा, कारण फडक्याला न दिसणारे पाणी रवाळ खळग्यांत राहते. मग तेलाचा एक थेंब चोळावा. तापलेल्या तव्यावर गार पाणी कधीही ओतू नये. ठिसूळ धातू तडकतो.

चिंच, कोकम, टोमॅटो, लिंबू, आंबट ताक यांचे पदार्थ या तव्यात शिजत ठेवू नयेत. आम्ल थर खाते, पदार्थ काळवंडतो, चवीला लोखंड लागते. आंबट, पातळ आणि बराच वेळ शिजलेल्या पदार्थांत लोह अधिक उतरते हे खरे, आणि रक्तक्षय असणाऱ्यांना त्याचा काहीसा लाभ होऊ शकतो. पण तवा म्हणजे औषध नव्हे. उलट थॅलेसेमियामुळे वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्यांच्या शरीरात लोह आधीच साठलेले असते. त्यांच्या अन्नासाठी बीड वापरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. शिजलेला पदार्थही तव्यात न ठेवता लगेच दुसऱ्या भांड्यात काढावा.

मुलांकडे महिना-दोन महिने जायचे असेल तर तवा तापवून, अगदी अल्प तेल पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवावा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ओट्याखालची जागा टाळावी. परतल्यावर तांबूस गंज दिसला तरी तवा टाकण्याचे कारण नाही. मीठ-तेलाने घासावा, गंज खोल असेल तर निम्मे व्हिनेगर व निम्मे पाणी यांत अर्धा तासच बुडवावा, लगेच धुऊन वाळवावा आणि पुन्हा तेल मुरवावे. भेगेला मात्र घरगुती इलाज नाही. भेगाळलेला तवा आचेवर न ठेवता भंगारवाल्याला द्यावा. तो वजनावर घेतो, आणि ते बीड फाउंड्रीत पुन्हा वितळते.