दोघांचा एक ताल

दिल्लीच्या कॅनॉट प्लेसमधील रीगल चित्रपटगृह १९३२ साली उघडले आणि २०१७ साली बंद झाले. त्याच इमारतीतील डेव्हिकोज या उपाहारगृहात एके काळी वाद्यवृंदाच्या साथीने युगुलनृत्ये रंगत. आज अशा नृत्यांचे वर्ग दिल्लीप्रमाणेच नोएडा आणि गुरुग्राम येथेही चालतात. ‘आपणही जाऊ या का?’ असे एखाद्या गृहिणीने पतीस विचारावे, तर ‘छे, ते आपले नव्हे,’ असे उत्तर बहुधा मिळते.

पण वाचकहो, ते खरोखरच इतके परके आहे काय? १९५१ सालचा ‘अलबेला’ आठवा. भगवानदादांच्या त्या चित्रपटात सी. रामचंद्र यांनी लॅटिन अमेरिकेचे ताल आपल्या चालींत बेमालूम मिसळले, आणि गोव्याचे चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावर झळकले. आपले कान या तालांना केव्हाच सरावले आहेत. संकोच उरला आहे तो पावलांचा.

स्पर्धांमध्ये लॅटिन म्हणून पाच नृत्यप्रकार मानले जातात. रुंबा क्यूबाचा, संथ व भावपूर्ण. चाचाचाही तेथलाच, १९५० नंतरच्या दशकात एन्रिके होर्रीन यांच्या संगीतातून तो लोकप्रिय झाला. सांबा ब्राझीलचा, त्याच्या मुळाशी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे ताल आहेत. पासो दोब्लेत पुरुष बैलझुंजीतला वीर होतो, तर स्त्री बहुधा त्याच्या हातचे वस्त्र. जाइव्ह मात्र अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नृत्यांतून उपजला. जी नृत्ये आपण श्रीमंतांची करमणूक समजतो, त्यांतील कित्येकांचा जन्म असा कष्टकऱ्यांच्या वस्तीत झाला आहे.

नवशिक्याने रुंब्याचा ताल आधी टाळीवर धरावा. चार मात्रांपैकी दुसरी, तिसरी व चौथी यांवर पाऊल पडते. पहिलीवर नवे पाऊल न टाकता शरीराचा भार स्थिरावतो. कंबर मुद्दाम हलवावी लागत नाही. गुडघा वाकून सरळ होतो, भार एका पायावरून दुसऱ्यावर जातो आणि कंबर आपोआप डोलते.

या नृत्यात परंपरेने पुरुष दिशा सुचवितो. परंतु सुचविणे म्हणजे ओढणे नव्हे. हात ओढला की सहचारिणीचा तोल जातो व ताल दोघांचाही चुकतो. तिचा भार कोणत्या पायावर आहे हे जाणल्याखेरीज त्याला पुढचे पाऊल सुचविता येत नाही; आणि तिलाही स्वतःचा तोल स्वतःच सांभाळावा लागतो. संसारात जुळवून घेण्याचे काम बहुधा एकीवरच पडते. येथे ते दोघांनाही करावे लागते.

म्हणून पुढच्या वेळी घरात तो प्रश्न निघाला, तर नकार देण्यापूर्वी दिवाणखान्यातील मेज बाजूला सारा आणि चार मात्रा मोजून पाहा. पाऊल चुकेल, चुकू द्या. दोघे मिळून हसलात, तर पहिला धडा झालाच म्हणून समजा.