फ्लाय रीळ

फ्लाय रीळ हे कृत्रिम माशीच्या साहाय्याने केल्या जाणाऱ्या गळाच्या मासेमारीत दोर गुंडाळून ठेवण्याचे साधन आहे. ते काठीच्या बुडाशी, मुठीच्या मागे बसवितात. महाराष्ट्रात ही पद्धत फारशी रुळलेली नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत नदीवर जाळे, पाग आणि साधा गळ हीच साधने प्रामुख्याने दिसतात, तर हौशी मंडळींच्या हाती बहुधा स्पिनिंग रीळ असते.

== कार्य ==
पिसे व धागा गळाला बांधून केलेली माशी जवळजवळ वजनहीन असते. त्यामुळे ती स्वतः दूर जाऊ शकत नाही; काठीने फेकला जातो तो जाड, लेप दिलेला दोर, आणि माशी त्यामागे ओढली जाते. स्पिनिंग रिळात आमिषाचे वजन दोर उलगडते. येथे मात्र मासेमार हाताने दोर सोडवून घेतो आणि फेकीत रिळाचा काहीच सहभाग नसतो. पतंगाच्या चक्रीशी त्याची तुलना करता येईल, कारण पतंग चक्री उडवीत नाही. ती मांजा सांभाळते. चिलापीसारखा लहान मासा लागला तर तो हातानेच दोर ओढून बाहेर काढला जातो.

रिळाची खरी परीक्षा मोठा मासा प्रवाहाच्या दिशेने पळू लागला की होते. तेव्हा दोर विनाअडथळा पण ताण राखून सुटला पाहिजे. हा ताण देणाऱ्या रोधक यंत्रणेस ड्रॅग म्हणतात.

== रचना ==
आधुनिक फ्लाय रिळाचा आराखडा बराच जुना आहे. अमेरिकेतील चार्ल्स ऑर्व्हिस यांनी १८७४ मध्ये अरुंद, जाळीदार कडांच्या रिळाचे पेटंट घेतले. छिद्रांमुळे वजन घटते आणि ओला दोर वाळतो. मूठ एकदा फिरविली की स्पूल एकदाच फिरते; दातेरी चाकांची वेगवर्धक जोडणी बहुतेक रिळांत नसते. बिघडण्यासारखे भाग त्यामुळे थोडेच राहतात.

स्पूलवर आधी बॅकिंग नावाचा बारीक विणलेला दोर आणि त्यावर सुमारे २७ मीटर मुख्य दोर गुंडाळतात. मुख्य दोराचा क्रमांक त्याच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतो. पाच क्रमांकासाठी ते सुमारे ९ ग्रॅम, तर आठ क्रमांकासाठी साडेतेरा ग्रॅमच्या आसपास असते. रीळ व काठी दोराच्या क्रमांकाशी जुळावी लागतात. चिलापीसाठी पाच क्रमांक पुरतो. महसीरसाठी आठ किंवा त्याहून जड दोर आणि किमान शंभर मीटर बॅकिंग हवे.

== मध्यम किमतीचे रीळ ==
स्वस्त रिळांची चौकट ओतीव धातूची किंवा प्लॅस्टिकची असते आणि ताण देण्यासाठी दातेरी चाकावर टकटकणारी साधी खिट्टी असते. मध्यम किमतीत चकतीचा ड्रॅग मिळतो आणि काही वेळा अखंड ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेली चौकटही. दोन्ही एकत्र न मिळाल्यास काय निवडावे हे पाण्यावर अवलंबून असते. सह्याद्रीतील नद्यांचे पात्र काळ्या बेसॉल्ट खडकाचे आहे. त्यावर पडलेली ओतीव चौकट वाकते किंवा तडकते आणि मग स्पूल कडेला घासू लागते. महागड्या रिळांच्या किमतीत खाऱ्या पाण्यापासून संरक्षणाचा मोठा वाटा असतो. कोकण किनाऱ्यावर तो खर्च सार्थ ठरतो, कृष्णाकाठी त्याची गरज नाही.

== कृष्णा खोऱ्यातील वापर ==
दख्खनी महसीर या माशाचे शास्त्रीय वर्णन विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळील मुळा-मुठेतील नमुन्यावरून केले. ही नदीदेखील भीमेमार्गे कृष्णेलाच मिळते. महसीरला वाहते, स्वच्छ, प्राणवायूयुक्त पाणी आणि खडकाळ तळ लागतो. धरणांनी नद्यांच्या वरच्या भागातील असे प्रवाह तोडले आहेत, आणि खालच्या अंगाला प्रदूषणाचा प्रश्न गंभीर आहे. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मोठ्या संख्येने मासे मृत आढळले होते. मोठ्या माशाच्या अपेक्षेने महाग रीळ घेणाऱ्याने ही वस्तुस्थिती आधी लक्षात घ्यावी. लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटा पॉवरचे महसीर बीजोत्पादन केंद्र असून तेथील बीज अन्य राज्यांतही सोडले गेले. कावेरीत मात्र बाहेरून आलेल्या याच माशाने तेथील मूळ महसीरला मागे सारले.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान यांचा २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समावेश झाला. या संरक्षित क्षेत्रात मासेमारीवर निर्बंध आहेत. जलाशयांतील मासेमारीचे हक्क सामान्यतः ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांना दिले जातात. ज्यांचे पोट त्या पाण्यावर आहे त्यांची अनुमती घेणे हौशी व्यक्तीला आवश्यक ठरते. पावसाळ्यात पाणी गढूळ असल्याने माशाला माशी दिसत नाही. शिवाय तो महसीरच्या प्रजननाचा काळ असल्याने तेव्हा गळ न टाकणेच योग्य.

== देखभाल ==
या भागात रिळाचा मुख्य शत्रू गाळ व वाळू हा आहे. काठावर आडवे ठेवलेले रीळ स्पूल आणि चौकट यांमधील फटीत कण ओढून घेते आणि पुढच्या प्रत्येक फेऱ्यात ते धातू खरवडतात. अशा वेळी स्पूल काढून दोन्ही भाग गोड्या पाण्याने धुवावेत, वाळवावेत आणि अक्षाला अगदी थोडे वंगण लावावे. कॉर्कच्या चकतीला उत्पादकाने सुचविलेलेच वंगण चालते, तर कार्बन तंतूच्या चकत्या बहुधा कोरड्या ठेवतात. रीळ ठेवून देताना ड्रॅग पूर्ण सैल करावा, अन्यथा दाबाखाली राहिलेली चकती चपटी होऊन ताण झटक्याझटक्याने सुटतो. वापरात मात्र तो अगदी शून्यावर नसावा, कारण हाताने झटकन दोर ओढल्यास मोकळी स्पूल गरगरत राहते आणि दोराचा गुंता होतो. ओले बॅकिंग स्पूलवर तसेच राहिल्यास त्याला बुरशी येते, म्हणून हंगाम संपल्यावर ते पूर्ण उलगडून सावलीत वाळवितात.